भोपाळच्या मसनदीवरचा पडदा

मराठी वाचकाला भोपाळ हे नाव प्रथम भेटते ते थोरल्या बाजीरावांनी निजामुल्मुल्काला तेथे कोंडून १७३८च्या आरंभी दोराहा सराईचा तह करून घेतला त्या प्रकरणात. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १८१२-१३ साली, नागपूरकर भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांनी मिळून त्या शहराला वेढा घातला व वजीर मोहंमद खानाने तो महिनोगणती सोसून अखेर उठवायला लावला, ही हकीकत कागदपत्रे चाळणाऱ्यांच्या वाचनात येते. आणि तेथे आपले भोपाळविषयीचे कुतूहल बहुधा संपते. भोपाळकरांनी मात्र तो वेढा निराळ्या कारणासाठी स्मरणात ठेवला. पुरुषबळ अपुरे पडू लागले तेव्हा घरंदाज पठाण स्त्रिया तटावर चढल्या आणि त्यांनी शिड्या लावणाऱ्यांवर दगड लोटले, असे तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

वजीर मोहंमद खानाच्याच घराण्यातील चार स्त्रियांनी पुढल्या शतकात एकीमागून एक मसनद सांभाळली. १८१९ ते १९२६ ह्या काळातून जहांगीर मोहंमद खानाची सात वर्षे आणि त्यामागून आलेली अज्ञान-पालकीची दोन-तीन वर्षे वगळली, तर भोपाळचा शिक्का बेगमांच्याच हाती होता. त्या चौघींपैकी पहिलीने पडदा टाकला, दुसरीने तो मानलाच नाही, तिसरीने भर राज्यकारभारात असताना तो स्वीकारला, आणि चौथीने जवळजवळ सारा जन्म बुरख्यात काढून, त्याच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहून, सत्तरीच्या उंबरठ्यावर तो उतरविला. चौघीही सुन्नी, चौघीही नमाज-रोजा पाळणाऱ्या. आपण धर्माबाहेर पाऊल टाकले असे त्यांच्यापैकी एकीलाही कधी वाटले नाही. मुसलमान स्त्रीच्या मुखावरील पडद्याचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे, ही धर्माज्ञा आहे असे म्हणणारा एक पक्ष आणि ही निव्वळ दास्याची खूण आहे असे म्हणणारा दुसरा पक्ष, असे दोनच पक्ष आमनेसामने उभे राहतात. भोपाळचा इतिहास ह्या दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. कुराण चौघींच्याही हातात तेच होते. पडदा बदलत गेला, आणि तो बदलला ते मसनदीपुढे त्या त्या वेळी कोण उभे होते ह्यावरून, असे माझे मत झाले आहे.

धर्मशास्त्राचा भाग येथे थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. सूरह नूरमध्ये प्रथम पुरुषांना दृष्टी संयत ठेवण्याची आज्ञा येते, आणि त्यामागोमाग स्त्रियांनाही तीच आज्ञा देऊन, ओढणी वक्षावर घ्यावी व स्वाभाविकपणे दिसते तेवढे सोडून आपला शृंगार परक्यांपुढे उघड करू नये, असे सांगितले आहे. सूरह अहजाबमध्ये पैगंबरांच्या पत्नींकडे काही मागावयाचे झाल्यास ते पडद्याआडून मागावे अशी आज्ञा असून, श्रद्धावान स्त्रियांनी बाहेर जाताना अंगावर वस्त्र ओढून घ्यावे असे आणखी एक वचन आहे. ह्यांत चेहरा झाकण्याचा नाव घेऊन उल्लेख कोठेही नाही. स्वाभाविकपणे दिसणाऱ्या भागात चेहरा आणि हात येतात की नाही, ह्यावर फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, हजार वर्षे खल केला. हिंदुस्थानात ज्यांचा अंमल चालतो त्या हनफी पंडितांनी साधारणपणे ते येतात असे मानले, पण फितन्याचे, म्हणजे मोहातून अनाचार घडण्याचे, भय असेल तेथे तरुण स्त्रीने चेहराही झाकावा अशी पुस्ती जोडली, आणि ते भय कोठे असते व कोठे नसते हे ठरविणे अर्थातच पुरुषांकडे राहिले. गमतीचा भाग असा की, जेथे मुसलमान स्त्री ईश्वराच्या सर्वांत समीप जाते त्या हजयात्रेत, इहरामच्या अवस्थेत, तिने तोंडाला कापड लागू देऊ नये असा नियम आहे. १८५३ साली वेष पालटून मक्केस गेलेल्या रिचर्ड बर्टनने तेथील यात्रेकरू स्त्रियांनी ह्यावर काढलेली तोड नमूद करून ठेवली आहे: ताडाच्या वाळलेल्या पात्यांचा विणलेला मुखवटा, डोळ्यांपुरती दोन भोके ठेवलेला, चेहऱ्यापासून अलग राहील असा बांधावयाचा. कापड लागले नाही, म्हणून नियम पाळला गेला. चेहरा दिसला नाही, म्हणून रूढीही सांभाळली गेली.

रूढी हा शब्द येथे सहज आला, पण तो महत्त्वाचा आहे. उत्तर हिंदुस्थानातील जनानखान्याचा बंदोबस्त हा एकट्या इस्लामाचा नव्हे. राजपुतांच्या रावळ्यांत तो होता, आणि आपल्या मराठा सरदारांच्या वाड्यांतील गोषाही त्याच जातीचा. कुळाची प्रतिष्ठा जितकी मोठी तितक्या भिंती उंच, हा हिशेब दोन्ही धर्मांत एकच होता. शेतात राबणाऱ्या कुणबिणीला गोषा नव्हता, आणि बाजारात बसणाऱ्या मुसलमान मणेरणीलाही बुरखा परवडत नव्हता.

आता भोपाळ. १८१८ साली इंग्रजांशी तह करून संस्थान सुरक्षित केल्यावर पुढल्याच वर्षी नवाब नजर मोहंमद खान इस्लामनगरच्या गढीत पिस्तुलाची गोळी लागून मरण पावला. पिस्तूल त्याच्या आठ वर्षांच्या मेहुण्याच्या, फौजदार मोहंमद खानाच्या, हाती होते असे म्हणतात. मागे विधवा कुदसिया बेगम, वय अठरा, आणि कडेवरची मुलगी सिकंदर. भाऊबंद टपून बसलेले होते. अशा वेळी ह्या अठरा वर्षांच्या मुलीने दुःखाला आलेल्या आप्तसरदारांपुढे, मुलीचे लग्न होईपर्यंत कारभार आपण पाहणार, असे जाहीर केले आणि काजी, मुफ्ती व आप्तसरदार ह्यांच्याकडून त्यावर मान्यता घेतली. तिच्या मुत्सद्द्यांत राजा खुशवक्तराय हे हिंदू आणि हकीम शहजाद मसीह हे फ्रेंच बूर्बाँ वंशाचे ख्रिस्ती होते. पतिनिधनानंतर इद्दतीत बसलेल्या स्त्रीला परपुरुषाशी बोलण्याचीही मोकळीक नसावी अशी जेथे रूढी, तेथे हिंदू दिवाण आणि ख्रिस्ती हकीम ह्यांच्याशी मसलत करणे हेच मोठे धाडस होते. पुढे कुदसिया बेगमांनी पडदा पार टाकला, घोड्यावर बसू लागल्या, आणि जावयाने, म्हणजे जहांगीर मोहंमद खानाने, वेळेआधी मसनद मागितली तेव्हा फौज घेऊन त्याच्याशी लढल्या. १८३७त इंग्रजांनी मध्यस्थी करून मसनद जावयाला दिली. हा निर्णय घेणारा पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन म्हणजे सीहोरच्या पाठशाळेत सुबाजी बापू ह्या शास्त्र्यांच्या साहाय्याने १८३९त ‘वज्रसूची’ छापणारा तोच गृहस्थ. जातिभेदाविरुद्धचे पुस्तक हौसेने छापणाऱ्या ह्या माणसाला स्त्रीचे राज्य काही पचले नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

सिकंदर बेगम ह्या चौघींत सर्वांत कर्त्या. नवऱ्याने गर्भारपणी तलवारीचा वार केला, त्यातून त्या वाचल्या. नवरा १८४४त वारला. तीन वर्षांत मुखत्यारी हाती आली आणि मग त्यांनी संस्थानाची पैमाइश केली, तीन जिल्हे पाडले, कर्ज फेडले, दरबारातील फारसी काढून तेथे उर्दू आणली, आणि पुरुषी पोशाख करून, कमरेला शस्त्र लावून परगण्यापरगण्यांतून स्वतः फिरल्या. १८६२त वॉटरहाऊस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने घेतलेल्या छायाचित्रांत हा चेहरा आपल्याला पाहावयास मिळतो: रुंद कपाळ, घट्ट मिटलेले ओठ, आणि समोरच्या यंत्राकडे किंचित संशयाने पाहणारी नजर. १८५७त त्यांनी इंग्रजांची बाजू धरली. त्याचे मोल म्हणून धारच्या पवारांकडून काढून घेतलेला बेरसिया परगणा त्यांना मिळाला, आणि १ नोव्हेंबर १८६१ रोजी अलाहाबादेस लॉर्ड कॅनिंगने ‘स्टार ऑफ इंडिया’चे पहिले मानकरी मिरविले तेव्हा जयाजीराव शिंद्यांच्या पंक्तीला ही एकटी स्त्री उघड्या चेहऱ्याने बसली होती. इंग्रजांशी व्यवहार करावयाचा तो समोरासमोर, हे सिकंदर बेगमांचे धोरण होते. पडद्याआड बसणाऱ्या संस्थानिकाच्या वतीने दुसरा कोणी बोलतो, आणि जो बोलतो तोच हळूहळू संस्थानिक होतो, हे त्यांनी आईच्या अनुभवावरून ओळखले असावे.

१८६३-६४त त्या वृद्ध आईला घेऊन सुमारे हजार माणसांच्या लवाजम्यानिशी मुंबईहून जहाजाने जिद्देला गेल्या आणि हज करून आल्या. हज करणाऱ्या त्या हिंदुस्थानातील पहिल्या सत्ताधीश. ह्या प्रवासाचे त्यांनी लिहिलेले वृत्त १८७०त इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पुण्यप्राप्तीचा गहिवर त्यात शोधणाऱ्याची निराशा होते. जकातवाल्यांशी झालेली हुज्जत, रस्त्यांची घाण, बाजारभाव, शरीफाच्या दरबारातील शिष्टाचाराचे घोळ, असे एखाद्या दक्ष मामलेदाराने दौऱ्यावरून पाठविलेल्या कैफियतीसारखे ते लिखाण आहे.

त्यांच्या कन्या शाहजहाँ बेगम आईच्या हयातीत पडद्यात नव्हत्या. १८६८त त्या गादीवर आल्या. त्याआधीच त्यांना वैधव्य आले होते. आणि १८७१त त्यांनी दरबारातील एका विद्वान मौलवीशी, सिद्दीक हसनशी, पुनर्विवाह केला व बुरखा घेतला. हे दोन निर्णय एकत्र वाचले पाहिजेत. विधवाविवाह शरियतीला संमत, पण उत्तरेकडील शरीफ घराण्यांत तो निंद्य मानीत. आणि नवरा तर बेगमेच्या पदरचा नोकर. जिने कुलरीतीला ठोकरून लग्न केले तिला, आपण हे स्वैरपणाने केले नसून धर्मानेच केले, असे दाखविणे भाग होते. बुरखा त्या कामी आला, असे मला वाटते. सिद्दीक हसन हे अहले-हदीस पंथाचे मोठे ग्रंथकार. त्यांचा आग्रहही असणार, नाही असे नाही.

इंग्रजांनी मात्र ह्यात एकच गोष्ट पाहिली: पूर्वी तोंड पाहून बोलता येत होते, आता कापडाशी बोलावे लागते. मध्य हिंदुस्थानचा एजंट सर लेपेल ग्रिफिन ह्याने, बेगमेला पडद्यात कोंडून खरे राज्य मौलवीच करतो, आणि त्याच्या ग्रंथांत जिहादची चिथावणी आहे, असा आरोप ठेवून १८८५त सिद्दीक हसनचे किताब आणि तोफांची सलामी काढून घेतली. अहले-हदीसाला वहाबी म्हणावयाचे, आणि वहाबी म्हटले की इंग्रजाच्या छातीत धस्स व्हावयाचे, असा तो काळ. मुखावरील वस्त्राचा आणि राजद्रोहाचा संबंध सरकारी कागदांत जुळला तो येथे, आणि आजही तो सुटलेला नाही. बेगमसाहेब नवऱ्यासाठी अखेरपर्यंत भांडल्या. १८९०त सिद्दीक हसन वारले. बेगमांचा बुरखा उतरला नाही. नवऱ्याने कोंडले म्हणून पडदा, हे ग्रिफिनचे अनुमान तेवढ्यावरून तरी निकालात निघते. ह्या बुरखाधारी बाईने काव्ये लिहिली, स्त्रियांसाठी ‘तहजीब-उन्-निस्वाँ’ नावाचा संसारोपयोगी ग्रंथ लिहिला, ताजुल-मसाजिद ही प्रचंड मशीद आरंभिली, आणि इंग्लंडातील वोकिंग येथे १८८९त उभ्या राहिलेल्या मशिदीला पैसा पुरविला. ती मशीद त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

सुलतानजहाँ बेगमांची हकीकत सर्वांत गुंतागुंतीची. आईशी त्यांचे वर्षानुवर्षे वाकडे. १९०१त गादीवर आल्या त्या रिकामा खजिना घेऊन. पुढल्या जानेवारीत पती वारले. ज्या सावत्र बापाचा त्यांनी जन्मभर द्वेष केला त्याच्या धर्मनिष्ठ चालीचा बुरखा मात्र त्यांनी सोडला नाही. १९११त पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी त्या लंडनला गेल्या. त्या काळातील त्यांच्या छायाचित्रांत डोक्यापासून खाली उतरणारा बुरखा, डोळ्यांपुरती मोकळी जागा, बुरख्याच्याही वर घातलेला मुकुट, आणि छातीवर बादशाही पदके अशी मूर्ती दिसते. सिकंदर बेगमांनी इंग्रजाला चेहरा दाखवून जे साधले ते ह्यांनी चेहरा झाकून साधले. चाळीस वर्षांत काळ पालटला होता. आता संस्थानिक कारभार नीट करतो एवढ्यावर भागत नव्हते. हिंदुस्थानच्या मुसलमानांचे पुढारपण कोणाकडे, हा प्रश्न उभा राहिला होता, आणि अलीगढच्या मौलवी-मुन्शींना मान्य होईल अशी स्त्री ही बुरख्यातलीच असावयास हवी होती. तशी ती होती, म्हणूनच १९१४त मुसलमान स्त्रियांच्या अखिल भारतीय परिषदेचे अध्यक्षपद आणि १९२०त अलीगढ विद्यापीठाचे कुलपतिपद तिच्याकडे चालत आले. राज्याच्या दौऱ्यावर जाणे, मुलींची शाळा काढणे, १९०९त भोपाळात पुरुषांना मज्जाव असलेला स्त्रियांचा क्लब स्थापणे, हे सारे त्या बुरख्याच्या आश्रयाने निर्वेध चालले.

मुंबईत ह्याच सुमारास निराळे वारे होते. तय्यबजी-फैजी कुटुंबातील स्त्रियांनी पडदा केव्हाच मागे टाकला होता. अतिया फैजी १९०६त लंडनला शिकावयास गेल्या, आणि त्यांच्या भगिनी नाझली ह्या आपल्या कोकणातील जंजिऱ्याच्या बेगम होत्या. पण फैजी घराणे व्यापारी, बोहरी आणि मुंबईकर. त्यांच्या उघड्या चेहऱ्याने उत्तरेकडचा एकही मौलवी दचकण्याचे कारण नव्हते.

१९१८त सुलतानजहाँ बेगमांनी पडद्याच्या समर्थनार्थ ‘इफ्फत-उल्-मुस्लिमात’ हा ग्रंथ लिहिला. चार वर्षांनी तो ‘अल्-हिजाब’ ह्या नावाने इंग्रजीतही आला. समर्थनाच्या ओघातही एक भेद त्यांनी करून ठेवला होता: शरियतीचा पडदा वेगळा, आणि हिंदुस्थानी घरांत बायकांना चार भिंतींत डांबणारी रूढी वेगळी, अंग झाकून स्त्रीने बाहेर जाण्यास धर्माची आडकाठी नाही. ह्याच चिरेतून दहा वर्षांनी सारी भिंत ढासळली. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७त पुण्यास बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. गोषातून बाहेर पडलेल्या ह्या मराठा राणीनंतर दुसऱ्या अधिवेशनाचे, दिल्लीचे, अध्यक्षपद फेब्रुवारी १९२८त भोपाळच्या ह्या वृद्ध बेगमेकडे आले, आणि तेथे त्यांनी, मुसलमानांत आज चालतो इतका कडक पडदा हा धर्मकर्तव्याचा भाग नसून स्थानिक परिस्थितीतून आलेला आहे, आणि त्याने स्त्रीशिक्षणाची हानी होते, असे स्वच्छ सांगितले. त्यानंतर लवकरच त्या उघड्या चेहऱ्याने सभासमारंभात वावरू लागल्या. ह्यापूर्वीच, १९२६त, त्यांनी पुत्र हमीदुल्लाखान ह्यांच्या बाजूने गादी सोडली होती, आणि त्या पुत्राचा वारसा मान्य करून घेण्यासाठी आधी लंडनचा मुक्कामही गाजविला होता. गादीचे ओझे उतरल्यावर बुरख्याचे उतरले, हा क्रम मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

ह्याच काळात शेजारी काय चालले होते ते पाहिले म्हणजे भोपाळचे वेगळेपण कळते. अफगाणिस्तानचे अमानुल्ला आणि राणी सोरय्या डिसेंबर १९२७त मुंबईमार्गे युरोपला गेले. परतल्यावर राणीने काबुलात चेहरा उघडा केला, बादशहाने सुधारणांची घाई केली, बंड उसळले, आणि १९२९च्या जानेवारीत त्याला सिंहासन सोडावे लागले. इराणात रझा शहाने १९३६त बुरख्यालाच बंदी केली. शिपाई रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढू लागले, तेव्हा किती घरंदाज स्त्रियांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणेच सोडून दिले. ज्या सक्तीने ती उतरली त्या सक्तीच्या विरोधाची खूण म्हणून चाळीस वर्षांनी तेहरानच्या रस्त्यांत तीच चादर पुन्हा दिसू लागली, आणि मग नव्या राजवटीने ती नव्या सक्तीने लादली. भोपाळात सक्ती झाली नाही. परंतु ती झाली नाही ह्याचे कारण पडद्याचा निर्णय तेथे सत्ता असलेल्या स्त्रीने आपल्यापुरता केला, हे आहे. सुलतानजहाँ बेगमांची मुभा त्यांच्या मुन्शीच्या बायकोला नव्हती, आणि ह्या चार राण्यांच्या कथेने भारावून जाणाऱ्यांनी तेवढे ध्यानात ठेवलेले बरे.

बेगमसाहेब १२ मे १९३० रोजी वारल्या. ज्यांना ह्या विषयावर हिरिरीने बोलावयाचे आहे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांनी आधी सिकंदर बेगमांचे हजवृत्त आणि सुलतानजहाँ बेगमांचे आत्मचरित्र ही दोन पुस्तके मिळवून वाचावी. दोन्हींची इंग्रजी भाषांतरे आहेत. त्यांत पडद्याविषयीची पाने थोडी आणि महसूल, दौरे, वारसा, दरबार व मानापमान ह्यांविषयीची पुष्कळ आहेत. आणि ते प्रमाण लेखिकांनी स्वतः ठरविलेले आहे.